गोठ्यातली तालीम

आमची आई आम्हा दोघी बहिणींना लहानपणी एकाच वाक्यानं रागे भरायची, "खोलीचा नुसता गोठा करून ठेवलाय." आता आई नाही, आणि तिच्या दोन्ही मुली हौसेनं, महिनाभर आधी जागा राखून ठेवून, गोठ्यात राहायला गेल्या होत्या.

गोठा म्हणजे खराखुरा गोठा. मालकिणीनं गुरं विकली, जमीन खरवडून धुतली, भिंतींना चुना दिला आणि शहरातल्या लोकांना तो सुट्टीसाठी द्यायला सुरुवात केली. गव्हाणीत फुलझाडं लावली होती. दावं बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच होत्या, त्यांना आमचे ओले टॉवेल लटकत होते. एका टोकाला स्वयंपाकघर आणि त्याच्यावर पूर्वी वैरण रचायचे तो माळा, शिडीनं चढायचा. दुसऱ्या टोकाला झोपायच्या दोन खोल्या, मधे जेवायचं लांब टेबल. खोल्यांची दारं चांगली जाडजूड होती. भिंती मात्र डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबल्या होत्या आणि वर सगळ्या गोठ्याला मिळून एकच उंच छप्पर होतं. "जुने वासे दिसायला हवेत ना, लोक त्यासाठीच येतात," मालकीण म्हणाली. मी म्हटलं, येत असतील बाई, मला गादी मऊ असली की पुरे.

आम्ही चौघं होतो. मी, माझं केस कापायचं पार्लर आहे, मागे पुढे कुणी नाही. माझी धाकटी बहीण, एका इस्पितळाच्या औषधांच्या काउंटरवर काम करते. तिचा नवरा, म्हणजे माझे मेहुणे, रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहेत. आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. अंगानं काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून मी तिला टाचणी म्हणायला लागले आणि मग सगळ्यांनीच ते उचललं.

नवराबायको वेगळे होणार होते. मारझोड नाही, दारू नाही, दुसरं कुणी नाही. माझ्या खुर्चीत बसून बायका जे जे सांगतात त्यातलं काहीएक नाही. दोघं एकमेकांना नुसते कंटाळले होते, आणि कंटाळ्यावर औषध नाही हे औषधं देणाऱ्या माझ्या बहिणीनंच मला सांगितलं. तिला दुसऱ्या शहरात मोठ्या इस्पितळात जागा मिळाली होती. टाचणी तिच्याबरोबर जाणार, मेहुणे सुट्ट्यांत भेटायला जाणार, असं दोघांत ठरलं होतं. टाचणीला सांगायचं तेवढं बाकी होतं.

तर ते सांगण्यासाठी ही सुट्टी. कुणीतरी समुपदेशक बाई गाठल्या होत्या, त्यांनी सांगितलं म्हणे, शांत ठिकाणी जा, मुलीबरोबर चार दिवस मजेत घालवा आणि शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून सांगा. आधी गोड खाऊ घालायचं आणि मग थोबाडीत मारायची, याला शिकलेली माणसं फी घेऊन सल्ला म्हणतात. मला बरोबर का नेलं, तर दोघांना एकमेकांसमोर बसून जेवण जाईना. मधे तिसरं माणूस हवं होतं. मी पार्लरला कुलूप लावलं आणि निघाले. धाकटीनं काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही.

पोचल्या पोचल्या मेहुण्यांनी काय केलं असेल? पाणीसुद्धा न पिता आख्खा गोठा तपासला. गॅसची नळी वाकवून पाहिली, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचली, शिडी गदागदा हलवली, खिडक्यांच्या कड्या उघडून लावून पाहिल्या. मग टाचणीला समोर उभं करून विचारलं, आग लागली तर कुठून बाहेर पडायचं? तिनं घडाघडा सांगितलं. त्यांच्या घरी हे लहानपणापासून चालत आलंय. अधूनमधून मेहुणे शिट्टी फुंकणार, मग धाकटीनं गॅस बंद करायचा, टाचणीनं मांजर उचलायचं आणि खाली फाटकापाशी जाऊन उभं राहायचं. प्रत्येकाचं काम ठरलेलं, कुणी का म्हणून विचारायचं नाही. मी एकदा त्यांच्याकडे असताना ही शिट्टी वाजली, तर मला म्हणाले, "ताई, तुमचं काम पायऱ्यांवर कठडा धरून उतरणं." मी हसून लोटपोट झाले. टाचणी हसली नाही. तिच्या काखेत मांजर होतं आणि ती आपल्या कामात होती.

मेहुण्यांचं म्हणणं असं, की माणूस संकटाला भीत नाही, ठाऊक नसलेल्या गोष्टीला भितो. एकदा करून पाहिलेली गोष्ट दुसऱ्यांदा करताना हातपाय कापत नाहीत. कारखान्यात याच्यामुळे माणसं वाचली असतील, मी नाही म्हणत नाही. पण आल्या दिवशी संध्याकाळी, टाचणी मालकिणीबरोबर कोंबड्या बघायला गेलेली असताना, त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवून सांगितलं, "मला वाटतं, आपण आधी तालीम करू."

"कसली?" मी विचारलं.

"सांगण्याची. कुणी काय बोलायचं, ती काय विचारेल, मग आपण काय उत्तर द्यायचं. ऐन वेळी दोघांच्या तोंडून दोन गोष्टी निघायला नकोत."

धाकटी लगेच म्हणाली, "हो, बाईंनीही तेच सांगितलंय. दोघांची भाषा एक हवी." कित्येक महिन्यांत त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

"आणि टाचणी कोण होणार?" मी आपलं गमतीनं विचारलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

अशी मी पन्नाशीत दहा वर्षांची झाले. दुपारी जेवणं उरकली की टाचणीला माळ्यावर, तिनं झोपायला निवडलेल्या जागी, पिटाळायचं, जा, पुस्तक वाचत पड. मग आम्ही तिघं धाकटीच्या खोलीत, अगदी दुसऱ्या टोकाला. मेहुणे स्वतः दार लावायचे, आतून कडी, खिडकी बंद. दोघं पलंगावर बसायची आणि मी त्यांच्या समोर स्टुलावर. खरं सांगायचं त्या दिवशीही असंच बसायचं ठरलं होतं, टाचणी स्टुलावर, दोघांच्या समोर, म्हणजे कुणा एकाच्या जवळ असं व्हायला नको.

पहिल्या दिवशी धाकटीनं सुरुवात केली, "बाळा, आम्हाला तुला काहीतरी सांगायचंय." आवाज काउंटरवरचा, गोळी जेवणानंतर घ्या म्हणतानाचा. मग आई आणि बाबा वेगळे राहणार, आई आणि तू नव्या शहरात जाणार, नवी शाळा, मोठी खिडकी असलेली खोली. मग मेहुण्यांचं वाक्य. ते बाईंनी तयार करून दिलं होतं. पोरीला आपल्यावरून ओढाताण चाललीय असं वाटू नये म्हणून बापानं म्हणायचं, "मलाही हेच हवंय."

मेहुणे म्हणाले, "मलाही..." आणि थांबले. मग म्हणाले, "हेच हवंय."

मी टाचणी झालेली. मला जे सुचलं ते मी केलं. स्टुलावरून उठले आणि म्हटलं, "मला नाही जायचं कुठं. मला कुणी विचारलं का?" आणि खोटं खोटं रडायला घेतलं, तर रडू खरंच यायला लागलं.

"ताई, ती अशी नाहीये," धाकटी म्हणाली. "शहाणी आहे ती. ती रडणार नाही."

"दहा वर्षांच्या पोरीला रडायचीसुद्धा चोरी का?"

"रडली तर रडू दे गं, पण रडणार नाही ती. मी ओळखते तिला." मग नवऱ्याकडे वळून, "आणि तू मधे थांबू नकोस. थांबलास की तिला वाटेल, तुझ्या मनात दुसरंच काही आहे."

मेहुणे मान खाली घालून तळहात चोळत बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसरंच काही होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. माझ्या बहिणीला दिसलं नाही, की तिनं पाहिलं नाही, ते तिचं तिला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, टाचणीच्याच तिरक्या सुरात, "बाबा, मी तुला नकोय का?"

धाकटीनं त्यांना कोपरानं ढोसलं. मेहुणे म्हणाले, "तसं नाही. पण तू आईबरोबर जावंस, मलाही हेच हवंय." या वेळी मधे थांबले नाहीत. धाकटी म्हणाली, "हां, असं." आणि मला म्हणाली, "पण ताई, इतके प्रश्न ती विचारणार नाही."

त्या दिवशी दिवेलागणीला मी बाहेर अंगणात गेले, तर मेहुणे गाडीची काच पुसत होते. काच स्वच्छच होती. टाचणी लांब कुंपणापाशी मालकिणीबरोबर वासराला काहीतरी खायला घालत होती. माझ्याकडे न बघता मेहुणे म्हणाले, "ताई, एक सांगू? शेवटच्या दिवशी मी ते वाक्य म्हणणार नाहीये."

मी कुंपणाकडे, टाचणीकडे पाहिलं.

"मी तिला विचारणार आहे. माझ्याकडे राहशील का म्हणून. मी कामाची पाळी बदलून घेतलीय, कुणाला सांगितलं नाही. तिला शाळेत सोडून कामावर जाता येतं, तिच्या यायच्या वेळी घरी पोचता येतं. स्वयंपाकाचं म्हणाल तर थोडाफार शिकलोय." त्यांनी फडकं पिळलं, ते कोरडंच होतं. "ती हो म्हणाली तर मी कुणाचं ऐकणार नाही. कोर्टात जायची वेळ आली तर जाईन. आणि नाही म्हणाली, तर पुन्हा तोंड उघडणार नाही. तिला दोघांच्या मधे धरून ओढायचं नाहीये मला. एकदाच विचारणार."

"मग आताच धाकटीला का नाही सांगत?"

"ती म्हणेल, बाईंनी सांगितलंय तसं वाग. मग पुन्हा बोलणं, पुन्हा बैठका. पोरगी तेवढ्यात तिकडे पोचलेली असेल."

खरं सांगते, मला हा माणूस आजवर कधी फारसा आवडला नव्हता. घरात शिट्ट्या फुंकणारा माणूस कुणाला आवडेल? पण त्या संध्याकाळी मला वाटलं, हो म्हण गं बाई, टाचणे, हो म्हण. बहिणीविरुद्ध उभं राहावंसं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आणि मी ते कुणाला बोलले नाही. टाचणीचं तोंड मला ठाऊक होतं. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी हो की नाही ठरवलेलं ते ऐकून घेणारं नव्हतं. विचारलं की ती सांगणार, एवढी खात्री होती.

म्हणूनच तिसऱ्या दिवशीच्या तालमीत माझा जीव नव्हता. जे होणारच नाही त्याची घोकंपट्टी कशाला? डोकं दुखत होतं, बाहेर ऊन तापलेलं, गॅसवर चहाचं आधण ठेवून आले होते. धाकटीनं आपलं म्हटलं, मेहुण्यांनी आपलं म्हटलं, खाली मान घालून, न अडखळता. मी स्टुलावरून उठतच म्हटलं, "बरं. ठीक आहे, मी आईबरोबर जाते."

"बघ, किती सोपं झालं," धाकटी म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली. मी चहा गाळायला गेले.

शेवटच्या दिवशी सकाळी टाचणी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, केस काप ना माझे." माझी कात्री कायम पिशवीत असते. अंगणात खुर्ची मांडली, तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. केस तिचे सरळ आणि हट्टी, अगदी बापाचे. नेहमी कापताना ती इतकं बोलते की मान धरून ठेवावी लागते. त्या दिवशी गप्प. दोन दिवस ती गप्पच होती, खेड्यातली हवा लागली असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

"मावशी, शहाणी मुलं रडत नाहीत का?"

"शहाणी मुलं केस कापताना मान हलवत नाहीत," मी म्हटलं. तिनं मान हलवली नव्हती. पोरं माझ्या खुर्चीत चुळबुळ करतात, पाय झाडतात. ही अशी बसली होती, जणू एक केस वाकडा गेला तर दोष तिच्यावर येईल.

कापून झालं तेव्हा तिच्या सदऱ्याच्या गळ्यात केस गेलेले. मी म्हटलं थांब, दुसरा सदरा आणते, आणि शिडी चढून माळ्यावर गेले. चार दिवसांत मी वर चढले नव्हते, गुडघे कुठे चढू देतात? तिची बॅग उघडून सदरा शोधत होते आणि माझ्या कानाशी धाकटी बोलली, "हो, आज. आता थोड्या वेळात सांगतोय." मी दचकून मागे पाहिलं. माळ्यावर कुणी नव्हतं.

धाकटी तिच्या खोलीत होती. दुसऱ्या टोकाला, दार लावून, फोनवर बोलत होती. तिचा आवाज भिंतीवरून उठून छपराला लागत होता आणि वाशांखालून सरळ माळ्यावर उतरत होता. शब्दन् शब्द. तिनं बॅगेची चेन ओढली तीसुद्धा मला ऐकू आली. खाली टेबलापाशी उभं राहून यातलं काही कळत नव्हतं, वर मात्र ती शेजारी बसून बोलत असावी असं वाटत होतं. मी सदरा हातात घेऊन तशीच खाली बसले. सगळं आठवलं. ती अशी नाहीये. मधे थांबू नकोस. मलाही हेच हवंय. रोज दुपारी आम्ही तिला आपल्या हातानं इथं पाठवत होतो. नळ्या, कड्या, शिड्या तपासणाऱ्या माणसाला एकदा इथं येऊन कान द्यायचं सुचलं नाही, आणि अंगणात जे खरं बोलला ते सोडून बाकी सगळं पोरीनं ऐकलं होतं.

कशी उतरले मला ठाऊक नाही. मेहुण्यांना बाजूला घेऊन एवढंच सांगायचं होतं, तिला ठाऊक आहे, आधी तिच्याशी एकटे बोला. पण खाली धाकटी खोलीबाहेर आलेली, मेहुणे टेबलाशी बसलेले, टेबलावरच्या कपबशा उचललेल्या, मालकीण किल्ली घ्यायला यायची वेळ होत आलेली.

"ताई, बस. आता सांगून टाकू," ती हळूच म्हणाली.

"मला आधी मेहुण्यांशी दोन मिनिटं बोलायचंय."

"नंतर."

"नंतर काय उपयोग? अगं, ऐक तर..."

"मावशी, बस ना," टाचणी म्हणाली. ती अंगणातून आत आली होती. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आईबाबांच्या समोर, दोघांपासून सारखं लांब ठेवलं आणि त्यावर बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी एक क्षण त्या स्टुलाकडे बघत राहिली. मेहुण्यांचं लक्ष नव्हतं, ते आतल्या आत शब्द जुळवत होते. मी सदरा मांडीवर घेऊन टेबलाच्या कडेला बसले. तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी जन्मात कधी गप्प बसलेली नाही, गिऱ्हाईकालाही तोंडावर सुनावते. पण ती पोर माझ्याकडे बघत होती, बिघडवू नकोस म्हणाल्यासारखी, आणि मी सदऱ्याची घडी घालत बसले.

धाकटीनं सुरुवात केली. सगळं ठरल्यासारखं. टाचणी योग्य तिथे मान हलवत होती. नव्या खोलीला मोठी खिडकी आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "छान." रडली नाही, प्रश्न विचारले नाहीत. धाकटीचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

मेहुण्यांनी तोंड उघडलं. टाचणीचे ओठ किंचित हलले, त्यांच्या वाक्याच्या आधीच.

"मला," मेहुणे म्हणाले, "तू हवी आहेस. मला तू माझ्याकडे राहायला हवी आहेस. शाळा तीच, घर तेच. मी कामाची वेळ बदललीय. तुला राहायचं असेल तर सांग. तू म्हणशील तसं होईल."

धाकटी पांढरीफटक पडली. "हे काय चाललंय?" ती म्हणाली.

मेहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे पोरीवर होते. आणि पोर चार दिवसांत पहिल्यांदा गोंधळली होती. तिनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"मावशी," तिनं विचारलं, "याच्यावर तू काय म्हणाली होतीस?"

मग मेहुण्यांनी मान वर केली, भिंतीच्या कडेकडे, तिथून वाशांकडे, तिथून माळ्याकडे. त्या माणसाचं तोंड मला आजही दिसतं. धाकटीनं पदराशी चाळा करावा तसा हातातला रुमाल पिळायला घेतला.

"हे आलंच नव्हतं गं," मी म्हटलं. खरं तेच होतं.

"टाचणे, ऐक," मेहुणे स्टुलासमोर गुडघ्यांवर बसले. "तू जे वर ऐकलंस ते खोटं होतं. ते मला म्हणायला सांगितलं होतं. हे आत्ताचं खरं आहे."

तिनं त्यावर नीट विचार केला. कपाळाला आठी घालून, गणित सोडवतात तसा.

"पण ते तू रोज म्हणालास, बाबा," ती म्हणाली. "हे आजच."

रोज केलेली गोष्टच खरी, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तसेच मांडीवर ठेवले.

"टाचणे," मी म्हटलं, "तालमीत मी बोलले ते माझं होतं. मला चहा हवा होता म्हणून काहीतरी बोलून उठले. तुला काय वाटतं ते तू सांग. ओरड, रड, काहीही कर."

"ताई, पुरे," धाकटी म्हणाली. आवाज फुटला होता तिचा. "तिला आणखी किती पिळणार आहात तुम्ही दोघं?"

"पिळतेय कोण? बाईंची वाक्यं कोण घोकत होतं?"

"बास करा दोघी," मेहुणे म्हणाले.

टाचणी एकेकाकडे बघत होती. आवाज चढले होते, तिच्या समोर तीन मोठी माणसं आपापलं काम विसरली होती. ती घाबरली, हे मला तिच्या मानेवरून कळलं. आत्ता कापलेल्या केसांखाली ती मान ताठ झाली होती. आणि मग आमच्यापैकी निदान एकानं तरी नीट वागावं म्हणून ती स्टुलावरून उठली आणि घाईघाईनं म्हणाली,

"बरं. ठीक आहे, मी आईबरोबर जाते."

माझ्याच चालीवर. उठतानाची ती घाईसुद्धा माझीच. मी चहाकडे निघाले होते, तिला कुठे जायचं होतं कुणास ठाऊक.

मेहुणे जमिनीवर बसून राहिले. एकदाच विचारणार म्हणाले होते. मी मनात म्हणत होते, विचार पुन्हा, मेल्या, शंभरदा विचार, शब्द मोडलास तर काय आकाश कोसळणार आहे? पण शब्दाचा पक्का माणूस. त्यांनी तिच्या खांद्यावरचे कापलेले केस बोटांनी झटकले, "बरं बाळा," म्हणाले, आणि उठून गॅसची टाकी बंद करायला गेले. धाकटी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. ती जिंकली होती, आणि तिला ते नको होतं असंही मी म्हणणार नाही. तिनं पोरीला परत विचारलं नाही.

मालकीण आली, किल्ली घेतली, पुन्हा या म्हणाली. सामान गाडीत गेलं. मी माझी पिशवी घेऊन अंगणात उभी होते, तेवढ्यात टाचणी माझ्याजवळ आली. सदरा बदलला होता. तिनं माझा हात धरला आणि आईबाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"मावशी, बरोबर म्हटलं ना मी?"

तिचं तोंड वर होतं, माझ्या उत्तराकडे. नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा आत गेली असती आणि कुठे चुकलं ते शोधत बसली असती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"अगदी बरोबर," मी म्हटलं, आणि ती गाडीत जाऊन बसली.